लोक-१, गोदावरी आणि खपली: पेट्री डिशमध्ये रुजलेला गहू कुंडीत का करपला?

प्रश्न: डिचोलीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील असून वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी गव्हाच्या वाणांवर मिठाच्या ताणाचा परिणाम हा विषय घेतला आहे. गोव्यात गहू पिकत नाही, मग हा उपद्व्याप कशाला, असे घरी सगळ्यांनी विचारून झाले आहे. खरे कारण एवढेच की वर्गातील चौघांनी आधीच खाजनातील (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खारट शेतातील) भात घेतला होता आणि मला पाचवी व्हायचे नव्हते.

बेळगावच्या नातेवाइकांकडून लोक-१ या सरबती (पोळीच्या) गव्हाचे आणि गोदावरी या बन्सी (रव्या-शेवयांच्या) गव्हाचे बियाणे मागवले. खपली मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली, म्हणजे ती खीर करण्यासाठी कांडून सोललेली होती. पेट्री डिशमध्ये प्रत्येक वाणाचे पंचवीस दाणे ०, ५०, १०० आणि १५० मिलिमोल मिठाच्या द्रावणात ठेवले. १०० मिलिमोलमध्ये लोक-१ आणि गोदावरी दोन्ही साधारण सारखेच रुजले, फक्त साध्या पाण्यातल्या दाण्यांपेक्षा दीड दिवस उशिरा. खपली वेडीवाकडी रुजली आणि तिच्यातल्या काही दाण्यांवर बुरशी आली.

त्यानंतर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर प्रत्येकी तीन किलो मातीच्या कुंड्यांत पेरणी केली. मीठ वाहून जाऊ नये म्हणून कुंड्यांची खालची भोके चिकटपट्टीने बंद केली. दोन पाने आल्यावर मिठाच्या कुंड्यांना रोज १०० मिली द्रावण (१०० मिलिमोल) घालत गेले आणि बाकीच्यांना तेवढेच विहिरीचे पाणी. पंधराव्या दिवशी चित्र अगदी वेगळे दिसले. लोक-१ची रोपे खुजी होती, पण हिरवी होती. गोदावरीची खालची दोन पाने टोकाकडून आणि कडांनी पिवळी पडत जाऊन गवताच्या काडीसारखी वाळली होती, तर मधले नवे पान मात्र हिरवेगार होते. मातीवर पांढरा थरही आला आहे.

मार्गदर्शकांचे म्हणणे असे की उगवण सारखी आहे, म्हणजे सहनशीलताही सारखीच, आणि कुंडीतला फरक हा हाताळणीचा दोष आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. माझे प्रश्न असे आहेत. पेट्री डिशचा निकाल खरा मानावा की कुंडीचा? मीठ मुळाशी घातले असताना करपतात ती खालची जुनी पाने, हे कसे? आणि तिसरा प्रश्न माझ्या मामांचा आहे. मांडवीकाठी त्यांचे थोडे खाजन आहे, ते भात कापल्यावर पडीक असते. मिठात येणारा गहू आहे असे त्यांनी कुठेतरी ऐकले आहे आणि हिवाळ्यात तो तिथे लावता येईल का, असे ते विचारत आहेत.

उत्तर: निवृत्त शिक्षक, फोंडा

वाणांविषयी बोलण्याआधी कुंडीचा हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय तुमच्या निरीक्षणाला अर्थ लावता येणार नाही. १०० मिलिमोल म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ. रोज १०० मिली द्रावण घातले की कुंडीत रोज ०.५८ ग्रॅम मीठ जाते. पाणी पानांतून आणि मातीच्या पृष्ठावरून उडून जाते, मीठ उडत नाही, आणि भोक बंद असल्यामुळे ते खालूनही निघत नाही. पंधरा दिवसांत तिथे पावणेनऊ ग्रॅम मीठ साठले. तीन किलो मातीत पाऊण लिटर पाणी राहते असे धरले, तर त्या पाण्यात लिटरला ११.७ ग्रॅम मीठ झाले, म्हणजे जवळजवळ २०० मिलिमोल. तुमच्या वहीत १०० लिहिलेले आहे आणि मुळांनी २०० भोगले आहे. दुपारी माती अर्धी सुकत असेल तेव्हा तर त्याहूनही जास्त. पांढरा थर हा त्याच साठ्याचा वर दिसणारा भाग आहे.

आता पेट्री डिश पाहा. १०० मिलिमोलच्या द्रावणाची विद्युत वाहकता (मीठ जितके जास्त तितकी ती जास्त) साधारण १० डेसीसायमन प्रति मीटर भरते. शेतातील क्षारता मात्र अशी थेट मोजत नाहीत. माती पाण्याने पूर्ण संपृक्त करून, तिचा अर्क काढून त्याची वाहकता पाहतात. शेतात ओलीच्या वेळीही मातीत त्या अर्काच्या मानाने अर्धेच पाणी असते, त्यामुळे मुळांना भेटणारे द्रावण अर्काच्या सुमारे दुप्पट तीव्र असते. याचा अर्थ तुमची १० वाहकतेची पेट्री डिश ही शेताच्या भाषेत जेमतेम ५ वाहकतेची जमीन आहे. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या सहनशीलतेची जी कोष्टके मांडली, त्यांत गव्हाचा उंबरठा ६ आहे. त्यापुढे दर एककामागे उत्पन्न सुमारे ७.१ टक्क्यांनी घटते. जव ८ पर्यंत टिकतो, भात मात्र ३ लाच कुरकुरू लागतो आणि पुढे दर एककाला १२ टक्के गमावतो. तेव्हा पेट्री डिशमध्ये तुम्ही गव्हाला उंबरठ्याच्या आत ठेवले आणि कुंडीत थेट उंबरठ्याच्या पलीकडे लोटले. दोन्ही निकाल खरे आहेत, पण ते एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

उगवणीवरून वाणाची सहनशीलता ठरवू नये, याला आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. रुजणारा दाणा स्वतःच्या पिठावर जगतो. त्याला बाहेरून हवे असते फक्त पाणी, आणि मिठाच्या द्रावणातून ते ओढून घेणे कठीण जाते म्हणून त्याला उशीर होतो. तुमचा दीड दिवस तो हाच. त्याला अजून पान नाही, पानातून पाणी उडत नाही, त्यामुळे मीठ वर खेचले जाण्याची वाटच सुरू झालेली नसते. पान उलगडले की मुळापासून पानापर्यंत पाण्याचा प्रवाह सुरू होतो आणि त्याच्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड वर चढू लागतात. पाणी बाष्प होऊन निघून जाते, मीठ पानात मागे राहते. जे पान सगळ्यांत जुने, त्यातून सगळ्यांत जास्त दिवस पाणी गेलेले असते, म्हणून त्यातच मिठाचा साठा आधी भरतो. टोक आणि कडा या त्या प्रवाहाच्या शेवटच्या जागा असल्यामुळे करपणे तिथून सुरू होते. वरचे कोवळे पान नुकतेच उघडलेले असते, त्याचे खाते अजून रिकामे असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि तुम्ही ते कुठेही न वाचता डोळ्यांनी टिपलेत याचे मला कौतुक वाटते.

मिठाचा ताण असा दोन टप्प्यांत काम करतो. ऑस्ट्रेलियातील राना मन्स यांनी ही मांडणी गव्हावरच्या आणि जवावरच्या कामातून पक्की केली. पहिला टप्पा परासरणाचा, म्हणजे खारट मातीतून पाणी ओढण्याच्या अडचणीचा: मीठ घातल्यावर काही तासांतच नवी पाने वाढण्याचा वेग मंदावतो, पुढे फुटवे कमी येतात. इथे रोपाला त्रास होतो तो मातीत मीठ असल्याचा, रोपात मीठ शिरल्याचा नव्हे, आणि बहुतेक वाणांत तो सारखाच दिसतो. दुसरा टप्पा आयनांचा, म्हणजे रोपात शिरलेल्या सोडियम-क्लोराइडचा: आठवड्याभरानंतर किंवा त्याहून उशिरा जुन्या पानांत मीठ साचून ती मरू लागतात. पाने ज्या वेगाने मरतात त्याहून कमी वेगाने नवी येऊ लागली, की रोपाला ओंबी भरण्यापुरते अन्न मिळत नाही. वाणांमधला खरा फरक इथे उघडा पडतो. लोक-१ खुजा पण हिरवा, म्हणजे पहिल्या टप्प्याचा मार दोघांनाही बसला. दुसऱ्या टप्प्यात गोदावरी कोलमडला, लोक-१ तग धरून राहिला.

आता हा फरक का, ते सांगतो. सरबती गहू षट्गुणित आहे, त्याच्या ४२ गुणसूत्रांत ए, बी आणि डी असे तीन संच आहेत. बन्सी आणि खपली चतुर्गुणित आहेत, त्यांच्याकडे २८ गुणसूत्रे आणि फक्त ए व बी हे संच. डी संच हा एका रानटी गवताकडून आलेला वारसा आहे, आणि त्यातील चौथ्या गुणसूत्रावर केएनए-१ नावाचे एक स्थान आहे. तिथला जनुक मुळांतील जलवाहिनीतून वर निघालेला सोडियम वाटेतच परत खेचून घेतो, पोटॅशियमला मात्र जाऊ देतो. म्हणून सरबतीच्या पानात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त राहते. बन्सीकडे हा पहारेकरी नाही. मन्स यांच्या गटाने ही उणीव वेगळ्या वाटेने भरून काढली. ट्रिटिकम मोनोकॉकम या प्राचीन गव्हातील नॅक्स-२ हे स्थान नेहमीच्या संकराने बन्सीत आणले, आणि खारट जमिनीत त्या वाणाने मूळ वाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त दाणा दिला, असे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. एका जनुकाने शेतात एवढा फरक पडल्याची उदाहरणे फार नाहीत.

तेव्हा मार्गदर्शकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. हाताळणीत दोष आहे, पण तो दोन्ही वाणांना सारखाच लागू झाला होता. त्यातूनही जो फरक राहिला, तो वाणांचा असण्याची शक्यता दाट आहे. पुरावा हवा असेल तर प्रत्येक रोपाचे तिसरे पान कापून, वाळवून, त्यातील सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजून घ्या. खपलीचा निकाल मात्र बाजूला ठेवा. कांडताना तिच्या अंकुराला इजा झालेली असते आणि बुरशी तिथूनच आत शिरते. तुम्ही मिठाची नव्हे, उखळाची परीक्षा घेतलीत.

उत्तर: शिरोळची सून

माझे माहेर साखळीचे आणि सासर शिरोळ तालुक्यात, म्हणजे कृष्णेच्या काठी जिथे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या त्या भागात. सरांनी पुस्तकातले सांगितले, मी बांधावरचे सांगते.

कुंडीत सगळीकडे सारखे मीठ असते, शेतात कधीच नसते. आमच्या रानात गहू पेरला की एका वाफ्यात गुडघाभर उंच आणि शेजारच्या वाफ्यात वीतभर, मध्येच हातभर जागा बोडकी, असे ठिपके पडतात. बी तेच, खत तेच, पाणी तेच. त्यामुळे अमुक वाण खारट जमिनीत एवढे क्विंटल देतो असे कोणी सांगितले, की मी आधी विचारते, वावरातल्या कुठल्या कोपऱ्यात? सरीवर लावायची वेळ आली तर वरंब्याच्या माथ्यावर बी टाकायचे नाही, कुशीत टाकायचे, कारण पाणी वर चढत जाऊन माथ्यावर उडते आणि मीठ तिथेच सोडते. माथ्यावरचा पांढरा पापुद्रा बोटाने खरवडून जिभेला लावला, तर लगेच कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षारयुक्त जमीन वेगळी आणि चोपण वेगळी, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. क्षारयुक्त जमिनीत विरघळलेले मीठ जास्त असते, अर्काची वाहकता ४ च्या वर, सामू (पीएच) मात्र ८.५ च्या आत. चोपण जमिनीत मातीच्या कणांनाच सोडियम चिकटलेला असतो, १५ टक्क्यांहून जास्त, आणि सामू ८.५ च्या वर जातो. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात कुदळ उडते. पहिलीला चांगले पाणी आणि निचरा लागतो, दुसरीला त्याआधी जिप्सम. आमच्या शेजारच्यांनी नुसत्या क्षारयुक्त रानात कुणाच्या तरी सांगण्यावरून जिप्समच्या गोण्या ओतल्या आणि पैसे घालवले. तुमच्या कुंडीतला ताण हा निव्वळ पहिल्या प्रकारचा आहे. त्यावरून चोपण जमिनीबद्दल काही लिहू नका.

आणि पाण्याबद्दल. गव्हाला पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास मुकुटमुळे फुटतात, तेव्हाचे पाणी चुकले की फुटवे गेलेच. खारट रानात हे पाणी दुहेरी काम करते, मुळांना ओल देते आणि मीठ खाली ढकलते. मिठाचा खरा फटका याच कोवळ्या वयात बसतो, फुटवे आणि ओंबीतली कणसुले ठरत असतात तेव्हा. एकदा ओंबी बाहेर पडली की गहू पुष्कळ सोसतो. तुम्ही मीठ नेमके दोन पानांवर सुरू केलेत, म्हणजे अगदी नाजूक वेळी. ते चूक नाही, पण लिहिताना ही अवस्था सांगितली पाहिजे.

उत्तर: चोडणचा खाजनवाला

बाय, तुझ्या मामांना माझा नमस्कार सांग. माझेही खाजन आहे, त्यामुळे त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला बरोबर कळते. भात कापल्यावर सहा महिने मोकळी पडलेली जमीन डोळ्यांना टोचते.

सरांचे आकडे वाचून मी थोडा चक्रावलो. भाताचा उंबरठा ३ आणि गव्हाचा ६, म्हणजे गहू भातापेक्षा दुपटीने चिवट. मग आमच्या वाडवडिलांनी खाजनात भात का लावला? दोन दिवस हे डोक्यात घोळत होते. उत्तर असे सुचले की खाजनात मिठाशी झुंजतो तो भात नव्हे, पाऊस झुंजतो. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर मीठ दिसते. मृगाचा पाऊस पडला की ते विरघळते, आणि मानशीची (बांधातल्या पाणदरवाजाची) दारे ओहोटीला बाहेरच्या बाजूने उघडून ते खारे पाणी नदीत सोडून देतात. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारे बंद होतात. असे कितीतरी वेळा धुऊन झाल्यावर मगच भात उभा राहतो, आणि त्यानंतर शेतात गोडे पाणी साचून असते, ते खालचे मीठ वर येऊ देत नाही. वर आमचा कोरगूट आहेच, उंच, कुसळे असलेला, लाल तांदळाचा, जो मधूनच मीठ चढले तरी तग धरतो. जुने गोवे येथील आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ हे वाण काढले आहेत.

आता गहू या जागी बसव. त्याला साचलेले पाणी चालत नाही, म्हणजे मीठ दाबून ठेवण्याची आमची मुख्य युक्ती त्याला लागू नाही. पाणी काढून घेतले तर नोव्हेंबरपासून जमीन वरून सुकत जाते आणि खालचे मीठ दिवसेंदिवस वर चढते. भात पावसाबरोबर वाढतो तेव्हा मीठ उतरत असते, गहू उन्हाबरोबर वाढेल तेव्हा मीठ चढत असेल. त्यातच भात कापल्यावर बऱ्याच ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी आत घेतात. मामांनी एकट्याने गहू लावायचा म्हटले तरी शेजारच्यांचे पाणी कोण अडवणार? एक मानस सगळ्यांची असते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी रात्री बांध फुटला आणि खारे पाणी आत येऊन राहिले. ज्यांनी वेळेवर डागडुजी करायला हवी होती त्यांनी ती केली नाही, त्यांचे नाव घेऊन काही उपयोग नाही. पुढची दोन वर्षे पाऊस भरपूर होऊनही भात पहिल्यासारखा आला नाही. तेव्हापासून मी मिठाची सहनशीलता हा शब्द जरा जपूनच वापरतो.

विचारणारी: डिचोलीची विद्यार्थिनी

सर, ताई, काका, तिघांचेही मनापासून आभार. सरांचा हिशेब वाचल्यावर मी काल चारही मिठाच्या कुंड्यांची चिकटपट्टी काढली आणि त्यांतल्या एका कुंडीत हळूहळू विहिरीचे पाणी ओतून खालून झिरपलेले पाणी ग्लासात धरले. प्रयोगशाळेतल्या मीटरवर त्याची वाहकता १७ आली. मी घालत होते ते द्रावण त्याच मीटरवर १० दाखवते. म्हणजे मी पाणी ओतून सौम्य केल्यानंतरही ते १७ होते.

एक कबुली द्यायची राहिली. प्रयोगशाळेतले मीठ पहिल्या आठवड्यातच संपले, त्यानंतर मी मिठागरातले जाडे मीठ वापरले. आमच्याकडे आगरवाड्याचे मीठ येते, तेच. ते हाताला ओलसर लागत होते आणि मी तसेच तोलून घेतले. यामुळे सगळा प्रयोग वाया गेला का? फ्लेम फोटोमीटर आमच्या महाविद्यालयात नाही. आणि केआरएल २१० या मिठात तग धरणाऱ्या गव्हाचे बियाणे कुठे मिळेल, तेही सांगावे.

काका, मामांना तुमचे उत्तर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की चोडणच्या माणसाला सगळे ठाऊक आहे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, फोंडा

वाया काही गेलेले नाही. जाड्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियमचे क्षार आणि थोडे कॅल्शियमही असते, आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओल शोषून घेते म्हणून ते हाताला दमट लागते. त्यामुळे तुमच्या वजनात पाण्याचाही वाटा होता. पण मीटरवर द्रावणाची वाहकता १० आलेली आहे, म्हणजे तीव्रतेत फार मोठी चूक नाही. अहवालात दोन्ही मिठांचा उल्लेख तारखेसह करा. झिरपलेल्या पाण्याचे १७ हे तुमच्या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे वाचन आहे, ते परिशिष्टात न ढकलता निकालात घ्या. उरलेल्या तीन कुंड्यांचेही तसेच मोजा, मात्र पाणी चौघींना सारखेच मापून ओता, नाहीतर आकड्यांची तुलना करता येणार नाही.

फ्लेम फोटोमीटर नसेल तर मोजपट्टी आणि तराजू यांवरही बरेच काम होते. प्रत्येक रोपाची एकूण पाने आणि त्यांतली वाळलेली पाने दर तीन दिवसांनी मोजा. दुसऱ्या टप्प्याची चाहूल त्यातून मिळते. नव्या पानाची लांबी सकाळी ठरलेल्या वेळी रोज मोजा, ती पहिल्या टप्प्याची. शेवटी रोपे ७० अंशांवर वाळवून मिठातल्या रोपाचे वजन त्याच वाणाच्या साध्या पाण्यातल्या रोपाच्या वजनाशी ताडून पाहा. गोदावरीची तुलना थेट लोक-१शी करू नका, प्रत्येकाची तुलना स्वतःशी करा, कारण काही वाण मुळातच ठेंगणे असतात.

पुढच्या वेळी पेरणी जानेवारीत नको. डिचोलीच्या गच्चीवर फेब्रुवारीतले ऊन गव्हाला एरवीही सोसत नाही, त्यात मिठाचा ताण मिसळला की कोणाचा परिणाम किती हे कोणालाच सांगता येणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरा, आणि दाण्यापर्यंत न जाता पाच-सहा आठवड्यांवर थांबा. भोके उघडी ठेवा, प्रत्येक वेळी इतके द्रावण घाला की थोडे खालून निघून जाईल, म्हणजे आतली तीव्रता घातलेल्याएवढीच राहील. मीठ एकदम १०० वर नेऊ नका. २५-२५ मिलिमोलने दोन दिवसांत चढवा, आणि बरोबर थोडे कॅल्शियम क्लोराइड द्या, सोडियमच्या पंधराव्या हिश्शाइतके. कॅल्शियम कमी पडले की मुळांचे पापुद्रे सैल होतात आणि सोडियम बेसुमार आत शिरतो. मग आपण मिठाचा ताण मोजतो आहोत की कॅल्शियमची उपासमार, हे कळत नाही.

बियाण्याविषयी: केआरएल मालिका हरियाणातील कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेची आहे. ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिथे महाविद्यालयाच्या पत्रावर, प्राचार्यांच्या सहीने, थोड्या बियाण्याची मागणी करा. शक्य झाल्यास खारचिया-६५ चेही मागा. राजस्थानातील पाली भागात खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर शेतकरी पिढ्यान्पिढ्या जो गहू घेत आले, त्यातून हा वाण आला, आणि मालिकेतल्या केआरएल १-४ चा एक पालकही तोच आहे. लोक-१ मध्यम, गोदावरी नाजूक आणि खारचिया चिवट, असे तीन जण शेजारी उभे राहिले, की दुसरा टप्पा परीक्षकांना मोजपट्टीशिवायही दिसेल.

खपली ठेवायची असेल तर बियाण्याची म्हणून टरफलासकट मिळते तीच घ्या आणि टरफलासकटच पेरा. रुजायला ती दोन दिवस जास्त घेईल, तेवढे दिवस तिच्या मिठाची सुरुवातही पुढे ढकला.